मेलेल्या सेलचा उजेड

भिंतीवरचे घड्याळ पावणेचारला अडकलेले दिसते. कुणीतरी स्टुलावर चढून ते उतरवते, मागचा पेन्सिल सेल काढून नवा घालते आणि जुना सेल ‘मेला’ म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देते. मल्टिमीटरची टोके लावली तर या मेलेल्या सेलवर अजून १.१ व्होल्ट दिसतात. पांढरा एलईडी लागायला जवळजवळ ३ व्होल्ट हवेत, म्हणून सेलला थेट जोडला तर तो ढिम्म राहतो. पण मध्ये करंगळीच्या नखाएवढी फेराइटची रिंग, एक ट्रान्झिस्टर आणि एक रोधक बसवला की तोच एलईडी लागतो. रात्रभर जळतो. दुसऱ्या रात्रीही जळतो. पुढे मंद होत जातो, पण विझायचे नाव घेत नाही. अशा चार-सहा रात्री गेल्या की तो बांधणाऱ्याच्या मनात एक चोरटा विचार येतो: ही वीज येते तरी कुठून?

या मंचावर एरवी धरणे, दुष्काळ, भाषा, राज्यघटना असे भारदस्त विषय येतात. त्या रांगेत हा दीड व्होल्टचा विषय उभा करायचे कारण एवढेच, की ऊर्जा म्हणजे काय हे शाळेत पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा या खेळण्यात जास्त स्वच्छ दिसते. आणि फसगतही इथेच होते. कुणी दुसरा फसवत नाही. बांधणारा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोळ्यांदेखत फसतो.

आधी खेळणे नीट पाहावे. बिघडलेल्या सीएफएल दिव्याच्या बुडातल्या सर्किटमध्ये ही रिंग फुकट मिळते. नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. एनॅमल लावलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा जोडीने धरून रिंगमधून दहा-पंधरा वेढे घ्यायचे. टोकांवरचे एनॅमल ब्लेडने खरवडायचे, नाहीतर डाग बसत नाही. मग एका तारेचा आरंभ दुसऱ्या तारेच्या शेवटाला जोडायचा आणि तो सांधा सेलच्या धन टोकाला न्यायचा. उरलेल्या दोन टोकांपैकी एक १ किलोओहमच्या रोधकातून ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते, दुसरे कलेक्टरला. एलईडी कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये. नवशिक्याची चूक ठरलेली असते: तो आरंभाला आरंभ जोडतो, दिवा लागत नाही, आणि तो ट्रान्झिस्टर बदलत बसतो.

आत जे घडते ते नळाच्या उदाहरणाने कळते. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप दणकतो. वाहत्या पाण्याला थांबायचे नसते. वेटोळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचेही तसेच आहे. ट्रान्झिस्टर उघडतो, वेटोळ्यातला प्रवाह चढत जातो आणि रिंगमध्ये चुंबकी रूपात ऊर्जा साठते. एका मर्यादेला ट्रान्झिस्टर पटकन मिटतो. अडवलेला प्रवाह वाट शोधू लागतो आणि त्या धडपडीत कलेक्टरवरचा दाब एकदम चढतो. ३ व्होल्टला एलईडी वाट देतो म्हणून दाब तिथे थांबतो. एलईडी काढून टाकला तर तो कितीतरी वर उडी मारतो. असे सेकंदाला हजारो वेळा चालते. डोळ्याला ही उघडझाप कळत नाही, त्याला अखंड उजेड दिसतो.

अशा आंदोलक सर्किटांचा वापर रडार आणि दूरचित्रवाणीच्या जुन्या संचांत होत असेच. एका सेलवर एलईडी लावायची ही सुटसुटीत मांडणी ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकाच्या नोव्हेंबर १९९९ च्या अंकात झेड. कापार्निक यांनी दिली. तिला ‘ज्यूल थीफ’ हे खोडकर नाव पुढे क्लाइव्ह मिचेल यांनी दिले. देव आनंदचा १९६७ चा ‘ज्वेल थीफ’ पाहिलेल्यांना यातला श्लेष समजावून सांगायला नको. इथला चोर हिरे नेत नाही, ज्यूल नेतो. आणि ज्यूल हे ऊर्जेचे माप. ते नाव ज्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचे, तो मँचेस्टरजवळच्या बिअर गाळणाऱ्या घराण्यातला. खाली उतरणाऱ्या वजनाने पाण्यात पाती फिरवली तर पाणी किती तापते, हे मोजण्यात त्याने १८४० च्या दशकातली कित्येक वर्षे घालवली. केलेले काम आणि निघालेली उष्णता यांचा जमाखर्च जुळतो, हे दाखवायला त्याला अंशाच्या बारीक अपूर्णांकापर्यंत तापमान वाचावे लागले. ज्यावरून काही हौशी लोक फुकटच्या विजेचे दावे करतात ते सर्किट त्याच्याच नावाने ओळखले जावे, ही गंमत त्याला आवडली असती की नाही कोण जाणे.

चोरी होते हे मात्र खरे. घड्याळ किंवा रिमोट एका पातळीखाली चालायचे थांबते, पण सेलमधले रसायन तेव्हा संपलेले नसते. तळाशी उरलेला हा साठा चोर खरवडून नेतो. भांड्याला लागलेल्या खरवडीवर एक वेळची भूक भागते, पण म्हणून भात आपोआप वाढला असे कुणी म्हणत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘बॅटरायझर’ नावाची पातळ धातूची खोळ याच तत्त्वावर विकायला निघाली. सेलवर ती चढवली की आयुष्य आठपट होईल, असे सांगितले गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारांनी लगेच बोट ठेवले: आजची बहुतेक उपकरणे सेल बराच उतरेपर्यंत चालतात, मग आठपट यायचे कुठून? तळाशी उरलेला दहावा-पाचवा हिस्सा खरवडून आयुष्य आठपट होत नाही.

मग दिवा इतका टिकतो कसा? उत्तराचा अर्धा भाग डोळ्यात आहे. अमावस्येला गावाबाहेर चांदण्यांच्या उजेडात पायवाट दिसते आणि वैशाखाच्या दुपारी तीच वाट डोळे मिचकावत बघावी लागते. या दोन उजेडांत कोटीच्या पटीचा फरक असतो, पण डोळा तो दहा-वीस पायऱ्यांत बसवतो. म्हणून एलईडीचा प्रवाह हजारपटीने कमी केला तरी अंधाऱ्या खोलीत बघणारा ‘जरा मंद झाला’ एवढेच म्हणतो.

दुसरा अर्धा भाग सवयीचा. सेल किती टिकावा याचा अंदाज जुन्या पिढीने विजेरीवरून बांधला. विजेरीच्या तारेच्या बल्बला पाऊण वॅट लागे आणि त्यातला बहुतेक भाग उष्णतेत जाई. पांढऱ्या एलईडीला तेवढ्या कामाला वॅटचा दहावा भागही पुष्कळ होतो. निळ्या एलईडीने हे शक्य केले आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. विजेरीच्या काळातला अंदाज घेऊन कुणी एलईडीकडे बघितले तर त्याला चमत्कारच दिसणार.

गणित फार नाही, पाटीवर मावेल एवढे आहे. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास, म्हणजे जवळजवळ १०,८०० ज्यूल असतात. एलईडी पूर्ण तेजाने, ६० मिलिवॅटवर जाळला तर ५० तास. हजारपट कमी, ६० मायक्रोवॅटवर जाळला तर ५०,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त. ज्यूल दोन्हीकडे तेवढेच. इतक्या सावकाश खर्चात दिव्यापेक्षा सेलची आतल्या आत होणारी झीजच महत्त्वाची ठरू लागते.

हे कारखान्यांना पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक होते. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम३९०९ ही चिप १९७० च्या दशकातली. ती कपॅसिटरमध्ये भार साठवून दीड व्होल्टच्या सेलवर एलईडीला क्षणभर झळकवत असे. मोठ्या ‘डी’ आकाराच्या अल्कलाइन सेलवर ती अडीच वर्षांहून जास्त लुकलुकेल, असा अंदाज कंपनीने माहितीपत्रकातच छापला होता. त्यात कुणाला गूढ दिसले नाही, कारण आकडा आधी छापलेला होता. तोच दिवा माहितीपत्रकाशिवाय, अंधाऱ्या खोलीत, गंभीर पार्श्वसंगीत लावून दाखवला की गूढ होतो.

या साऱ्या कुळाचा मूळपुरुष ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत काचेआड बसला आहे. दोन उभे कोरडे विद्युतघट, प्रत्येकाखाली एक छोटी घंटा आणि दोहोंच्या मध्ये टांगलेली चिमुकली धातूची गोळी. एका घंटेला शिवताच गोळी तिच्याच जातीचा भार घेते, तिथून ढकलली जाते, दुसरीकडे ओढली जाते, तिथेही तेच होते. हे १८४० पासून, मधल्या किरकोळ खंडांखेरीज, चालू आहे. घंटा आजवर सुमारे १० अब्ज वेळा वाजली असावी, पण दुहेरी काचेमुळे आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. घट बाहेरून गंधकाच्या थराने बंद केले आहेत. ते फोडल्याशिवाय आत नेमके काय आहे ते कळणार नाही, आणि फोडले तर प्रयोगच संपेल. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी कुतूहल आवरून धरले आहे.

पावणेदोनशेहून जास्त वर्षे चालणारी घंटा! हिच्याशी तुलना करता आठवडाभर जळणारा एलईडी म्हणजे पोरखेळ. पण या घंटेचाही हिशेब मांडता येतो. घटांचा दाब सुमारे २,००० व्होल्ट आणि प्रवाह सुमारे १ नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग, असे धरले जाते. गुणाकार २ मायक्रोवॅट. वर्षाला ६३ ज्यूल. १८५ वर्षांना साधारण ११,७०० ज्यूल. वर पेन्सिल सेलचा आकडा आला होता १०,८००. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या वर्षापासून आजपर्यंत ही घंटा वाजवायला ढोबळमानाने एका पेन्सिल सेलएवढी ऊर्जा पुरली. हा गुणाकार करताना कुणाच्याही अंगावर शहारा यावा. फुकट ऊर्जेच्या गोष्टीत हा शहारा मिळत नाही, कारण तिथे गुणाकारच करायचा नसतो.

हौशी मंडळींचा आणखी एक लाडका प्रयोग कुंडीतला. ओल्या मातीत तांब्याची एक पट्टी, जस्ताची एक, आणि त्यावर ज्यूल थीफ. दिवा लागतो, महिनोन्‌महिने लागलेला राहतो, आणि ‘पृथ्वीची ऊर्जा’ हे शब्द उमटतात. मातीच्या अशा घटांवर अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४० च्या दशकात घड्याळे चालवली होती, तेव्हा कल्पना काही कालची नाही. पृथ्वीचा वाटा मात्र यात ओलाव्यापुरताच असतो. खर्च होते ते जस्त. १ ग्रॅम जस्त पूर्ण झिजले तर सुमारे ८२० मिलिअँपिअर-तास देते. १० ग्रॅमची पट्टी १०० मायक्रोअँपिअरवर कागदोपत्री नऊ वर्षे चालेल. वर्षभराने पट्टी उपटून सोनाराच्या काट्यावर ठेवली तर पृथ्वीने काय दिले आणि जस्ताने काय दिले ते उघड होईल. पट्टी आधी तोलून ठेवायला हवी, तेवढे मात्र राहून जाते.

दावे करणारे पुराव्यादाखल सेलचा दाब वाढलेला दाखवतात. ‘सर्किट बंद केले तेव्हा ०.९ व्होल्ट होते, सकाळी १.१! सेल स्वतःहून भरला.’ ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. गीतमाला ऐन रंगात असताना सेल बसत आणि दुसऱ्या दिवशी ते अंगणात उन्हात ठेवले जात. संध्याकाळी रेडिओ पुन्हा बोलू लागे, थोडाच वेळ. सेलमध्ये प्रवाह वाहताना रसायनाची हालचाल मागे पडते, विश्रांती मिळाली की साचलेली गर्दी पांगते आणि दाब सावरतो. उन्हाच्या उबेने ही हालचाल थोडी सोपी होते. दमलेला माणूस पाराखाली टेकून ताजातवाना झाला, पण जेवला नाही. सूर्याने सेल भरला असे त्या काळी कुणी म्हटले असेलही, पण त्यावर कंपनी काढायला कुणी धजले नव्हते.

याहून चकवणारी चूक मीटरची. ज्यूल थीफमधला प्रवाह सपाट नसतो, करवतीच्या दातांसारखा चढतो आणि तुटतो. साधा मल्टिमीटर अशा लाटेवर लावला की तो जे दाखवतो त्याचा अर्थ त्याचा त्यालाही सांगता येणार नाही. मग हौशी माणूस काय करतो? एलईडी काढून टोकांवरचा दाब मोजतो, तो ४० व्होल्ट निघतो. मग टोके एकमेकांना जोडून प्रवाह मोजतो. दोहोंचा गुणाकार करतो आणि सेलमधून निघणाऱ्या शक्तीपेक्षा उत्तर मोठे आल्याने उडी मारतो. कांदा उत्पादकाने सर्वांत मोठ्या पिकाचे वर्ष आणि सर्वांत चढ्या भावाचे वर्ष यांचा गुणाकार करून कमाई काढावी, असा हा प्रकार. ज्या वर्षी पीक भरघोस येते त्या वर्षी भाव काय असतो, हे लासलगावच्या बाजारात कुणालाही विचारावे. दाब सर्वाधिक असतो तेव्हा प्रवाह शून्य आणि प्रवाह सर्वाधिक असतो तेव्हा दाब शून्य. शक्ती म्हणजे एकाच क्षणीच्या दाबाचा आणि प्रवाहाचा गुणाकार, आणि तोही क्षणाक्षणाला करून बेरजेत धरलेला.

ही चूक केवळ पोरासोरांची असती तर सोडून देता आली असती. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जोसेफ न्यूमन यांनी १९७९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. अवाढव्य वेटोळे, आत फिरणारा चुंबक, शेजारी छोट्या बॅटऱ्यांची चळत, आणि दावा असा की घेते त्याहून जास्त देणारे हे यंत्र आहे. पेटंट कार्यालयाने नाकारले. न्यूमन कोर्टात गेले. वर्षानुवर्षे वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, जाहीर प्रयोग यांचा गदारोळ झाला. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञानेसुद्धा आधी त्यांच्या बाजूने कौल दिला होता. शेवटी १९८६ मध्ये नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने यंत्र प्रयोगशाळेत नेले आणि तुटक-तुटक प्रवाह मोजू शकणारी उपकरणे लावली. प्रत्येक चाचणीत आत गेलेली शक्ती बाहेर आलेल्या शक्तीपेक्षा जास्त निघाली. १९८९ मध्ये वरच्या कोर्टातही न्यूमन हरले. ते लबाड होते असे म्हणायला आधार नाही. यंत्र तापते, फिरते, ठिणग्या टाकते आणि बॅटऱ्या मात्र लवकर उतरत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. डोळ्यांवर त्यांचा जरुरीपेक्षा जास्त विश्वास होता, एवढेच.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे ज्यांचे नाव महाराष्ट्राशी जोडले गेले, त्या भास्कराचार्यांनाही हा मोह पडला होता. लेख त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या, मठाचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तो मठ स्थापला होता. ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० च्या सुमाराचा. त्यातल्या यंत्राध्यायात स्वयंवह चाकाचे वर्णन आहे: हलक्या लाकडाचे चाक, त्याला सारख्या मापाच्या पोकळ आऱ्या, जराशा वाकलेल्या, आणि त्यांत अर्धा-अर्धा पारा. एका बाजूचा पारा कडेला सरकेल, दुसऱ्या बाजूचा आसाकडे, आणि चाक आपोआप फिरत राहील. कल्पना देखणी आहे. चाक मात्र थोडे हलून थांबते, कारण कडेला पारा असलेल्या आऱ्यांच्या बाजूला आऱ्यांची संख्या कमी भरते आणि दोन्ही बाजूंचे पारडे समतोल होते. पुढच्याच शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूरच्या चित्रवहीत असमतोल चाकाचा असाच एक नमुना दिसतो. ‘लीलावती’ लिहिणाऱ्याला चकवा बसला म्हणून त्याची थोरवी कमी होत नाही. ऊर्जेचा जमाखर्च कसा ठेवायचा हे कळायला माणसाला आणखी सातशे वर्षे लागली, ज्यूलच्या पाण्यातल्या पात्यांपर्यंत.

आज आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(अ) निसर्गनियमांना उघड-उघड छेद देणाऱ्या दाव्यांना दारातच अडवते. कायद्याने दार लावले हे बरेच झाले, पण बाराव्या वर्षी रिंगवर वेढे घेणाऱ्या मुलाला कलम सांगून गप्प बसवणे हा करंटेपणा. त्याला ‘असे होऊच शकत नाही’ असे सुनावले की तो एक तर खेळ सोडतो, नाहीतर फुकट ऊर्जावाल्यांच्या गोटात जातो. तिथे निदान त्याचे कौतुक होते. त्यापेक्षा त्याच्या हातात सेलऐवजी कपॅसिटर द्यावा.

सेल हा बेभरवशाचा साक्षीदार. किती भरलेला आहे ते त्याच्या दाबावरून कळत नाही. कपॅसिटर आपला साठा दाबातून सांगतो. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर १.५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात १.१२५ ज्यूल असतात, ना कमी ना जास्त. सर्किट खरोखर घेते त्याहून जास्त देत असेल तर ते जास्तीचे परत कपॅसिटरकडे वळवावे. आकडा वर गेला पाहिजे, निदान जागेवर तरी राहिला पाहिजे. बेसचा रोधक मोठा करून प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरवर आणावा, शेजारी मीटर आणि घड्याळ ठेवावे, वहीत दोन रकाने आखावेत. सुरुवातीला १.५. दहा मिनिटांनी १.२. वीस मिनिटांनी १ च्या आसपास. तिथून घसरण संथ होते, कारण दाब उतरला तसा प्रवाहही उतरलेला असतो. पाऊण ज्यूल केव्हाच खर्ची पडलेला असतो. अंधारात एलईडी अजून एखाद्या ठिपक्यासारखा दिसतो, अर्ध्या व्होल्टच्या जवळ तोही जातो. मीटरवर ०.५२.

मुलगा वही मिटत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा बघतो तर ०.५५. हे कसे? सुपरकपॅसिटरच्या आत कार्बनची असंख्य बारीक छिद्रे असतात, आणि खोल छिद्रांत अडकलेला भार उशिरा बाहेर येतो. वाढलेल्या आकड्याचे ज्यूल तो कागदावर काढतो: ०.०१६. दिवा काही लागत नाही, कारण सर्किटला सुरू व्हायला ०.६ व्होल्ट लागतात. तो तिसरा रकाना आखतो.